दाजींचं पाणी काही बसेना

माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात, भर मांडवात, नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या हातातल्या लिंबू सरबतात आमच्या दाजींनी रंगपट्टी बुडवली. विचारणं नाही, सवरणं नाही. खिशातून प्लॅस्टिकची डबी काढली, पट्टी ओढली, बुडवली, झटकली आणि उजेडाकडे धरून म्हणाले, "पट्टीच्या भाईर गेलंय. दातं टिकायची न्हाईत तुमची." व्याही ग्लास धरून तसेच उभे. लग्न जमलेलं होतं म्हणून बरं. नाहीतर ते सरबताच्या आंबटपणावरून मोडलं असतं आणि आम्ही लोकांना कारण काय सांगणार होतो?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे यजमान. नाव मिलिंद. सगळी नोकरी गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं काय करतात? बसवकल्याणात घर बांधतात, सकाळी मफलर गुंडाळून फिरायला जातात, पेपर वाचून सरकारला शिव्या देतात. दाजींनी यातलं काहीएक केलं नाही. बसवकल्याणाहून कोहिनूर नावाच्या खेड्याला जाताना वाटेत त्यांचं गाव लागतं. तिथे, बापानं कष्टानं मिळवलेल्या तुरीच्या तुकड्यात, त्यांनी पोहण्याचा तलाव बांधला. आणि तोही साधा नव्हे. खाऱ्या पाण्याचा!

गावात याची जी चर्चा झाली ती मी बँकेच्या काउंटरवर बसून महिनाभर ऐकली. एक जण म्हणाला, मुंबईहून टँकरनं समुद्र आणायलेत म्हणं तुमचे दाजी. दुसऱ्यानं विचारलं, मासे कवा सोडणार हायत? दाजींबरोबर मीठ घ्यायला बाजारात गेलो तेव्हा दुकानदार पोत्यांचा आकडा ऐकून म्हणाला, "सर, कुनाचं लोणचं घालायलाव एवढं?" दाजींनी त्याला उभ्या उभ्या अर्धा तास शिकवलं. पाण्यात थोडं मीठ टाकायचं. ते पाणी एका यंत्रातून फिरवायचं. यंत्र त्या मिठातूनच क्लोरिन तयार करतं आणि जंतू मरतात. "डोळ्यातल्या पाण्याहून कमी खारं असतंय ते. मंग डोळ्याला त्रास कामून व्हईल?" दुकानदारानं मान डोलावली आणि आयोडिनचं मीठ काढून दिलं. दाजी भडकले. आयोडिन नको, साधं पाहिजे. सगळी पोती परत उतरवली. उतरवली कुणी? मी.

मुद्दा असा की हा तलाव दाजींनी स्वतःसाठी बांधला नव्हता. गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचं, फुकट, असं त्यांनी जाहीर केलं होतं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर स्वतः खडूनं लिहिलं, 'गावातल्या सगळ्या मुलामुलींसाठी', आणि 'सगळ्या' या शब्दाखाली रेघ मारली. बिदरहून शिकवणारा मास्तरही ठरवला. चांगली गोष्ट. माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार पुढची आहे. तलाव बांधून झाला, पाण्यानं भरला, निळाशार दिसायला लागला आणि दाजी त्यात कुणाला उतरू देईनात!

"पाणी अजून बसलं न्हाई." हे त्यांचं पालुपद. परीक्षा संपल्या की उघडायचं ठरलं होतं. परीक्षा संपल्या, निकाल लागले, पाणी बसलं नाही. मग बुद्धपौर्णिमा ठरली. पौर्णिमा जवळ आली तरी दाजी काठावर उकिडवे बसून काचेच्या नळीत लाल थेंब मोजायलेत.

बसत काय नव्हतं, ते त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की आता मी झोपेतही सांगेन. तलावाचा गिलावा नवा. नवं सिमेंट पाण्यात चुना सोडत राहतं. त्यामुळे पाण्याचा पीएच, म्हणजे आंबट-तुरटपणाचं माप, सारखा वर चढतो. त्यात खाऱ्या पाण्याचं ते यंत्र चाललं की अजून चढतो. त्यात आमच्या बोअरचं पाणी आधीच इतकं जड की चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो. मग दाजी अ‍ॅसिड ओतणार. अ‍ॅसिड जास्त झालं की खायचा सोडा टाकणार. सोडा जास्त झाला की परत अ‍ॅसिड. मी एकदा म्हणालो, "दाजी, तुम्ही याला औषध देताय की याच्याशी भांडताय?" तर म्हणाले, "साकु, साकु. बास झालं. बँकेतल्या माणसानं ब्रश घ्यावा."

हो, ब्रश. सिमेंटचा चुना भिंतीला धरू नये म्हणून तलावाच्या भिंती रोज घासाव्या लागतात. लांब दांड्याचा ब्रश असतो. रविवार हा माझा सुट्टीचा दिवस. त्या दिवशी मी उन्हात उभा राहून, ज्या पाण्यात मला पाय बुडवायची परवानगी नाही, त्या पाण्याची भिंत घासत होतो. बायको फोनवर म्हणाली, "आपल्या घरातली मोरी कवा घासणार हाव?" मी फोन ठेवून दिला. या बाईला काय सांगणार?

माझी दोन्ही पोरं सुट्टीला तिथेच होती. सोलापूरहून आणलेले पोहण्याचे कपडे, चष्मे, टोप्या घालून सकाळपासून तयार. दाजी त्यांना ओळीत उभं करून त्यांची डोकी हुंगायचे. खोबरेल लावलेलं सापडलं की काठापासून दूर. "तेलानं पाण्यावर तवंग येतोय. यंत्र चोंदतंय." बरं, नाही लावलं तेल, तर म्हणे घाम आलाय. घाम पुसला, तर म्हणे आज पीएच चढलाय. आणि अक्का? अक्काच्या डोक्याला जन्मभर तेल. तिला तर स्वतःच्या रानातल्या तलावाच्या कठड्यापाशी यायची बंदी. ती लांबून, आंब्याखालून जेवायला हाक मारायची.

तलावाची यंत्रं बसवायला हैदराबादेहून खाजाभाई आले होते. शांत माणूस. ते जाताना हात जोडून म्हणाले, "सर, पानी ऐसा है की सुई गिरी तो दिख जाती. अब और क्या होना तुमकू? बच्चे रो रहे. उतरने देव ना." दाजी म्हणाले, "खाजाभाई, दिखता वो अलग, होता वो अलग." खाजाभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही दोघं एकाच आजारी माणसाचे नातेवाईक आहोत. मला त्यांच्याबरोबर हैदराबादला निघून जावंसं वाटलं.

त्यातच तुरटीचं प्रकरण झालं. एका वावटळीनं रानातली माती तलावात घातली आणि पाणी गढूळ झालं. दाजी औषधं आणायला बिदरला गेले. अक्का आंब्याखालून उठली, तुरटीचा मोठा खडा फडक्यात बांधला, बांबूला लटकवला आणि सबंध तलावाला फेरी मारत पाण्यात फिरवला. आमची आई रांजणात फिरवायची, अगदी तसा. माती भराभर खाली बसली. वरचं पाणी काचेसारखं. आम्ही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी दाजी आले, वाकून बघितलं, तळाला साचलेला पांढरा गाळ दिसला आणि हातातली पिशवी त्यांनी खाली टाकली.

"कुनी टाकलं काय ह्यात?"

"मी," अक्का म्हणाली. "तुरटी."

"अगं, तुरटी आम्लधर्मी असतीय! सगळा तोल गेला की! महिन्याची मेहनत हाय ती!"

"आमच्या मायनं तुरटी फिरवूनच आमाला मोठं केलं. कुनी मेलं न्हाई. तुमचंच पाणी लई शहाणं लागून गेलंय का?"

दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. आणि तेव्हा माझंही डोकं फिरलं. मी म्हणालो, दाजी, बास झालं. सुट्टी संपायलीय. पोरं तुमच्या तोंडाकडे बघून बघून कंटाळलीत. उद्या मी त्यांना पाण्यात सोडणार. तुमच्या पट्ट्या तुम्ही घरात लावा. काय होणार आहे? फार तर डोळे लाल होतील. घरी जाऊन धुतील.

 दाजी हळू आवाजात बोलले. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"तुझ्या पोरांचं डोळं लाल झालं तर तू घरी जाऊन धुशील, सुधाकर. पाटलाच्या नातवाचं झालं तर? साधी खाज सुटली तरी गाव काय म्हनंल? क्लोरिन जास्त झालं म्हनंल? न्हाई. 'त्येचं पाणीच तसलं' म्हनंल. आनि मंग कुनाचंच पोरगं येनार न्हाई. माझं पाणी चुकाय नगं. दुसऱ्या कुनाचंबी चुकलं तर चालतंय. माझं न्हाई."

 मला संताप आला, आणि तो दाजींचा नव्हता. आमच्या घरात निळा झेंडा दोन पिढ्या आहे. आम्ही शिकलो, नोकऱ्या केल्या, दाजींनी तर निम्म्या तालुक्याची पोरं शिकवली. त्यांच्यात पाटलांचीही होती. आणि हा माणूस पाण्याच्या एका थेंबानं आपली अब्रू जाईल म्हणून रात्रीचं जेवण सोडतो? कुणी लावलं हे त्याला?

कुणी लावलं ते मला अक्कानं नंतर भाकरी थापता थापता सांगितलं. गावात पोहायची एकच विहीर होती, पाटलांची. उन्हाळ्यात सगळी पोरं पाठीला वाळलेला भोपळा बांधून तीत उड्या मारायची. आमच्या लोकांना त्या विहिरीची पायरी नव्हती. कुणी वरून पोहरा ओतेल तेव्हा घागर भरायची, तोवर बाजूला उभं राहायचं. दाजी लहानपणी आईबरोबर तिथे उभे राहायचे. "पोरांचं हसणं ऐकू यायचं म्हनं आतून," अक्का म्हणाली. "दिसायचं न्हाई. नुस्तं ऐकू यायचं." आणि तिनं भाकरी उलटली.

पण मला जास्त राग याचा आला की हे दाजींनी मला कधी सांगितलं नव्हतं. सरबताच्या पीएचवर तासभर बोलणारा माणूस! दुसऱ्या दिवसापासून मी न सांगता ब्रश घेतला. तळाचा तुरटीचा गाळ आम्ही दोघांनी मिळून ओढून काढला.

बुद्धपौर्णिमेची सकाळ उजाडली. सकाळी आमची वंदना झाली, खीर झाली. तलाव दुपारी उघडायचा होता. दाजी धुतलेला पांढरा सदरा घालून काठावर बसले होते, हातात ती नळी. माप जमलं होतं. मी स्वतः पाहिलं, रंग बरोबर जुळत होता. तरी ते पुन्हा पुन्हा तपासत होते. खरं म्हणजे ते पाण्याकडे बघतच नव्हते, ते रस्त्याकडे बघत होते. कोण येतंय?

कुणी येत नव्हतं. आमच्या गल्लीतली पोरं आली होती, ती आंब्याखाली कपडे काढून तयार. बिदरचा मास्तरही गळ्यात शिट्टी अडकवून तिथेच. बाकी गावातलं कुणी नाही. बारा वाजले. दाजी म्हणाले, "ऊन हाय. ऊन उतरल्यावर येतील." मी मनातल्या मनात त्या गावाला जेवढ्या शिव्या देता येतील तेवढ्या दिल्या.

तेवढ्यात पाटलांच्या चंद्राबाई काकू आल्या. पाटलांची थोरली सून. आता स्वतःच पणजी झालेली, पाठीत वाकलेली बाई. एकटीच, हातात पदराखाली झाकलेलं ताट. ती थेट काठापर्यंत गेली, टेकत टेकत खाली बसली आणि ताट उघडलं. हळद, कुंकू, नारळ, पुरणपोळीचा निवद. शेजारचे पाच खडे उचलून तिनं ओळीत मांडले.

"काकू, हे काय करायलाव?" दाजी ताडकन उठले.

"गंगा पुजायलेय. नवं पाणी लागलं की पुजाय नगं? तुमच्यात करत न्हाईत, ठाव हाय मला. म्हून मीच आले. पाण्याला तसंच ठिवू नये."

आता एक लक्षात घ्या. दाजी पक्के माणूस. हळदकुंकवाला त्यांचा कडाडून विरोध. गुलबर्ग्याला त्यांनी यावर भाषणं दिलीयत. आणि भाषणं बाजूला ठेवली तरी ते रसायनशास्त्र! ज्यानं पोरांच्या डोक्याचं तेल हुंगलं, अक्काशी तुरटीवरून भांडण काढलं, त्याच्या पाण्यात ही बाई मूठभर हळद टाकत होती. खड्यांवर हळद लावली तशी ती ओल्या नव्या सिमेंटावर सांडली आणि लालभडक झाली. सिमेंटातल्या चुन्यानं हळद लाल होते. ते बघून दाजींच्या तोंडून सवयीनं निघालं, "अजून चुना सोडायलंय," आणि मग ते थांबले.  पाण्यावर हळद पसरत गेली, कुंकू पसरत गेलं. मी वाट बघत होतो की आता फुटतील. नाही.

काकूंनी नारळाचं पाणी तलावात ओतलं, हात जोडले, आणि वाकून ओंजळभर पाणी घेतलं. तीर्थ घेतात तसं. डोळ्यांना लावलं, आणि पिऊन टाकलं.

"काकू!" दाजी ओरडले. "पिऊ नगा! प्यायचं न्हाई ते!"

काकूंनी तोंड वाकडं केलं. "खारट हाय की रं, मिलिंदा! मी म्हटलं लोक उगंच बोलतेत. खरंच मीठ घातलास व्हय?"

आंब्याखालची पोरं खो खो हसली. अक्का तोंडाला पदर लावून हसली. दाजींनी चष्मा काढला आणि धुतलेल्या सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. पुसतच राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कारण मला माझाच भरवसा नव्हता.

"बरं, आता कुनी उतरनार हाय का न्हाई?" काकू म्हणाल्या. "आमच्या घरची पोरं जेवून यायलीत, सांगून आलेय मी. पर तू आदी उतर. तुझं पाणी हाय."

दाजी काहीतरी पुटपुटले. काकूंना ऐकू कमी. "आं?"

"मला पवाय येत न्हाई, काकू."

तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं. अक्काला सुद्धा. इतके दिवस त्या पाण्याचा थेंब न थेंब जोखणारा माणूस एकदाही त्यात का उतरला नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"येत न्हाई?" काकू आश्चर्यानं म्हणाल्या. "आता गं बया! आमच्या हिरीत तर गावातली सगळीच पोरं..."

आणि त्या तिथे थांबल्या.

त्या अर्ध्या वाक्याचा मला राग आला. अजून येतो. इतकी वर्षं त्या विहिरीच्या घरात नांदलेल्या बाईला हे आठवावं लागतं? वाक्य निम्मं बोलून झाल्यावर? मी पुढे होऊन बोलणार होतो. माझ्या ओठावर आलं होतं. दाजींनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नको. काकू त्या हळदीच्या पाण्याकडे बघत बसल्या होत्या.  

मग त्या बसल्या बसल्याच सरकत सरकत कडेच्या पायऱ्यांपाशी गेल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत आवरलं, पाय पाण्यात सोडले आणि हात पुढे केला.

"हितं उथळ हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "ये. माझा हात धर."

दाजींनी चप्पल काढली. पांढऱ्या सदऱ्यानिशी, पँटनिशी, एका हातानं स्टीलचा दांडा आणि दुसऱ्या हातानं त्या म्हाताऱ्या बाईचा हात धरून ते एक एक पायरी खाली उतरले. पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला, मग कमरेला. सदरा फुगून वर आला. कमरेएवढ्या पाण्यात ते डोळे मिटून उभे राहिले. पोरांना आता कोण थांबवणार? त्यांनी पलीकडून धडाधड उड्या मारल्या आणि एकच कालवा उठला. दाजींच्या तोंडावर पाणी उडत होतं. ते पुसायला हात मोकळा करावा लागला असता. त्यांनी काकूंचा हात सोडला नाही, आणि काकूंनीही तो सोडवून घेतला नाही.